बाळंतिणीच्या डोक्यावरचा स्लॅब

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी छताकडे जाते. दुष्काळाचे दिवस होते. राहुरी भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. विहिरीवरची भांडणं मिटवता मिटवता आमचा जीव मेटाकुटीला आला होता. अशात एका सकाळी प्राथमिक शाळेतले एक गुरुजी तक्रार घेऊन आले.

"साहेब, ठेकेदारानं घर अर्धवट टाकलंय. गिलावा नाही, खिडक्या नाहीत. आणि आता स्लॅबमधून खडे गळतात."

हवालदारानं नेहमीचं सांगितलं, "गुरुजी, ही दिवाणी बाब. कोर्टात जा."

"जाईन की. पण माझी लेक परवाच बाळंत झालीय. ती त्याच स्लॅबखाली निजलीय. पाचवी पुजल्याशिवाय तिची आई तिला उंबऱ्याबाहेर काढू देईना."

मी गुरुजींना बसवून घेतलं.

ठेकेदार गावातलं बडं प्रस्थ. त्याला बोलावलं तर हसून म्हणाला, "माझ्या स्लॅबवर हत्ती नाचवा." पण घोडेगावच्या बाजारातून आलेल्या माझ्या खबऱ्यानं वेगळंच सांगितलं. गुरुजींच्या नावावर सरकारी परमिटनं मिळालेलं सिमेंट तिथं काळ्या बाजारात विकलं गेलं होतं. मग त्या स्लॅबमध्ये काय घातलं? या प्रश्नानं मला धडकी भरली. मी लगेच तो स्लॅब टाकणाऱ्या, ठेकेदाराच्या मिस्त्रीला उचललं.

ठाण्यात त्यानं एकच धोशा लावला. "स्लॅब पक्का हाय सायेब." दरडावलं, समजावलं, चहा पाजला. ढिम्म. बोलताना तो सारखे तळहात चोळत होता. तो खोटं बोलतोय हे दिसत होतं, पण त्याला माझ्यापेक्षा ठेकेदाराची भीती जास्त होती. ठेकेदारानं हाकललं तर पंचक्रोशीत काम कोण देणार? तेव्हा जास्त वेळ न दवडता दोन पंच आणि त्याला घेऊन मी थेट घर गाठलं.

बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून मी वर पाहिलं. एक चीर भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली होती. बाळाच्या दुपट्यावर राखाडी भुकटी सांडली होती. पण माझ्या सांगण्यानं गुरुजींच्या पत्नी लेकीला हलवणार नव्हत्या; स्लॅब कच्चा आहे हे मिस्त्रीच्याच तोंडून यायला हवं होतं.

"आत बस," मी मिस्त्रीला म्हणालो. "इथंच पंचनामा लिहू."

"बाळंतिनीच्या खोलीत गडी मानसानं कसं जावं सायेब?"

"तेही खरंच. मग माजघरात बस. तिथंही तुझाच स्लॅब आहे."

मी माजघरात घोंगडीवर बसलो आणि लिहायला लागलो. पंच बसले. मिस्त्री मात्र चौकटीतून हलेना. त्याचे डोळे वर खिळले होते. वरून खडा पडला की तो मागे सरकायचा. माझी पाठ घामानं भिजली होती, अक्षर वाकडं येत होतं, पण मी उठलो नाही. इतक्यात आतून बाळ रडायला लागलं आणि मिस्त्रीचा बांध फुटला.

"सायेब, आदी लेकराला भायेर काडा! सिमीट लई कमी हाय त्यात. सळ्या निम्म्याच हायेत. दुस्काळात एक दिस पानी मारलं न्हाई. म्या सांगितलं हुतं, पन मालक म्हनले गप बस!"

गुरुजींच्या पत्नी दार अडवून उभ्या राहिल्या. "पाचवी व्हायचीय अजून. बाळाला वारं लागंल."

मी हात जोडले. "माई, सटवाई नशीब लिहायला अंगणातही येईल. पण लिहायला लेकरू तर हवं ना?"

त्या दारातून बाजूला झाल्या. मग आत जाऊन बाळ उचललं आणि लेकीला धरून बाहेर आणलं. शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या पडवीत त्यांची सोय केली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्लॅब कोसळला. बाळंतिणीची रिकामी खाट ढिगाऱ्याखाली चेपली गेली होती.

ठेकेदारावर फसवणुकीचा आणि सिमेंटच्या काळ्या बाजाराचा गुन्हा दाखल केला. मिस्त्रीनं साक्ष दिली. नुकसानीचा दावा गुरुजी पुढे कितीतरी दिवस कोर्टात लढत राहिले. माझी बदली झाली तेव्हाही तो चालूच होता.

कोणतं कलम लागतं हे शोधण्याआधी त्या छताखाली कोण निजलंय हे विचारावं, एवढं मी या प्रकरणातून शिकलो. मिस्त्री आणखी एक दिवस गप्प राहिला असता, तर माझ्या ठाण्यात अकस्मात मृत्यूच्या दोन नोंदी झाल्या असत्या. त्यातल्या एकीत नावाची जागा कोरी सोडावी लागली असती. बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं.