मैनेची पाठ

आमची मैना आता सकाळी उठून अंगावर बुरूस फिरवती. कोरड्या अंगावर! पानी न्हाई, साबन न्हाई. तळपायापासनं सुरू करायचं, वर वर काळजाच्या दिशेनं जायचं, आन मग आंघोळ. अख्ख्या मांजरी गावात तिच्या कातडीचं कवतिक चाललंय. साठी उलटली तरी कशी तुकतुकीत दिसती, म्हनं. दिसंना का! माझा जळफळाट त्यासाठी न्हाईच.

मैना आन मी एकाच साली सुना म्हनून मांजरीत आलो. घराला घर लागून. आपल्या रानातला ऊस उरकला की दुसऱ्याच्या फडात रोजानं जायचो. मैना लई चिवट बाई. तिचा नवरा गेनबा गेला तवा पोर कडेवर व्हतं. म्हैना झाला न्हाई तोवर ही कोयता घेऊन फडात उभी. गावानं तिला रडताना बघितलंच न्हाई. रडली ती फकस्त माझ्यापाशी.

उसाच्या पाचटाला बारीक काट्यावानी कूस असती. ती अंगात शिरली की जीव नकोसा व्हतो, आन वर पानी पडलं की आनखीच आग. म्हनून आंघोळीआधी वाळल्या घोसाळ्याच्या जाळीनं अंग कोरडंच घासायचं. हातपाय ज्याचे त्यानं घासावं, पन पाठीला आपला हात पोचतोय व्हय? मैनेची पाठ मी घासायची, माझी मैना. गोठ्यामागं, पोत्यांचा आडोसा करून. कधी मला यायला उशीर झाला तर ही बया तशीच खाजवत बसायची, पन सख्ख्या नंदेलासुदिक पाठीला हात लावू द्यायची न्हाई. "तुझ्यावानी कुनाला जमत न्हाई गं," म्हनायची.

मग जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या. मैनेला सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मी आपली जुन्या घरातच. तरी रोजचं येनंजानं व्हतंच. तेवढ्यात तिच्या समोरच्या फ्लॅटात सुहासिनीबाई ऱ्हायला आल्या. सदाशिव पेठेतल्या, रिटायर मास्तरीन, एकट्याच. गोऱ्यापान, बोलनं मवाळ. भांडायला जागाच ठेवत न्हाईत. त्यांनीच मैनेच्या हातात तो बुरूस दिला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी इचारलं, "मैनाबाई, अंगाला काय लावता ओ?" ही ठसक्यात म्हनती, "सुहासिनीबाईंनी शिकवलं बाई समदं. त्याआधी अंगाकडं बगायचं असतं हे तरी कुनाला म्हाईत व्हतं?" आन मी तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग इतकी वर्सं मी काय भिंत घासत व्हते?

रात सगळी कुढत काढली आन सकाळीच तिच्याकडं गेले. दार नुसतं लोटलेलं. बगते तर काय, मैना खुर्चीवर उलटी बसलीया, पाठ उघडी, आन त्या बाई मागनं बुरूस फिरवतायत. दोघी खिदळतायत. मी दार पुरतं ढकललं.

"या ना आनंदीबाई, बसा. मी चहा टाकते," सुहासिनीबाई म्हनाल्या. घर मैनेचं, आन चहा ह्या टाकनार! साखरेचा डबा कुठं हाय तेबी त्यांना म्हाईत.

त्या आत गेल्या तशी मी मैनेला म्हनले, "सख्ख्या नंदेला हात लावू देत न्हवतीस. आता परकी बाई चालती व्हय गं?"

"आगं, काय हे ल्हान पोरावानी?" मैना हसली.

"हसू नगंस. काल चारचौघींत म्हनलीस, त्यांनी शिकवलं. माझं नावबी घेतलं न्हाईस. गोठ्यामागं कोन घासत व्हतं तुझी पाठ?"

मैनेचं हसू गेलं. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"ते कशाला काढतीस आनंदे? मला ते दिस आठवायचेच न्हाईत. नुसती आग व्हायची अंगाची. घासून घासून रगत यायचं. घरात कुनी न्हाई, पोर भुकेलं. ह्या बाईंनी पाठीला हात लावला की त्यातलं काई म्हंजी काई आठवत न्हाई. तू लावलास की समदं पुन्ना सुरू व्हईल. रागावू नगंस."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर परत दिल्या असत्या. सुहासिनीबाई चहा घेऊन आल्या. "आलं घातलंय, तुम्हाला आवडतं ना?" म्हनाल्या. मी घटाघटा प्याले आन उतरले.

आग व्हत आसंल तिच्या अंगाची. रगतबी येत आसंल. माझ्या पाठीतबी तीच कूस व्हती की! पन देवाशपथ सांगते, मला त्यातलं काईच आठवत न्हाई. मला नुसता मैनेचा हात आठवतो.