शेवटचा घोट

काल शेजारणीकडं चहाच्या शेवटी कपात भुकटी दिसली, घोट तसाच ठेवणार होते, तेवढ्यात लढाईवरून परतलेला माझा थोरला भाऊ आठवला. लग्नानंतर लगेच तो फौजेत गेला आणि मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात राहून अकोल्याला घरी आला. वहिनी रोज आलं ठेचून गुळाचा चहा करायची आणि तो रोज शेवटचा घोट कपात ठेवायचा. तिला वाटलं, चहाच काय, आपणही याला नकोशा झालो. चुलीपाशी बसून ती धुराच्या निमित्तानं डोळे पुसायची. मी पहिल्यापासून फटकळ, सरळ विचारलं, “दादा, चहा काहून टाकतो रे? वयनी रडून राहिली ना.”  तो म्हणाला, “अवं, तिकडं तंबूत रेतीच रेती. पोळीत रेती, अंथरुणात रेती, चहाच्या बुडाले तं बोटभर. शेवटचा घोट कोनी पेतच नव्हतं. माहा हात आपोआप थांबते.” वहिनी दाराआडून ऐकत होती. सासूसमोर नवऱ्याशी कधी न बोलणारी ती, दुसऱ्या सकाळी स्वतः बाहेर आली, पदराचं धुतलेलं टोक कपावर धरून त्याच्यादेखत चहा गाळला आणि म्हणाली, “पाहून घ्या, यात रेती नाही.” माय म्हणाली, “पी रे बाबा आता, पोरीनं लुगडं डागवलं तुह्यासाठी.” दादानं चहा संपवून कप बशीत उपडा ठेवला. पुढं घरात पितळेची गाळणी आली, तरी त्याचा चहा वहिनी म्हातारपणीही पदरानंच गाळायची. आता दोघंही नाहीत. काल मी पदर धरला, तो घोट गाळला आणि पिऊन टाकला.