टेकडीवरची शेवटची दुब्येल

लुदविका दुब्येल कुणाच्याही हातून कागद घेत नसे. पोस्टमन दारात आला की आतूनच ओरडायची, "बाकावर ठेव आणि जा!" तो फाटकाबाहेर गेला की पाच-दहा मिनिटं खिडकीतून त्या पाकिटाकडे बघत बसायची, मग जाऊन उचलायची. विजेचं बिल असलं तरी हाच सोहळा. आमच्या ओल्शिनी गावातले लोक यावर पोट धरून हसायचे, पण हे वेड कुठून आलं तेही त्यांना ठाऊक होतं. ती चार वर्षांची असताना तिच्या बापाने शहरातून आलेल्या साहेबांच्या कागदावर सही केली आणि आठवड्याच्या आत जमीन आणि घोडा दोन्ही सामुदायिक शेतीत जमा झाले. काही वर्षांनी सरकार बदललं, जमीन परत मिळाली. घोडा काही मिळाला नाही. मरेपर्यंत बाप त्या घोड्याचं नाव घेऊन हळहळायचा.

तरुणपणी लुदविकाला तीन स्थळं आली. प्रत्येक वेळी तिच्या मनात पाल चुकचुकली, की हा मला बघायला आलाय की आलुबुखाराच्या बागेला? तिसऱ्याला तिने तोंडावरच विचारलं. तो बिचारा सरळ माणूस, म्हणाला, "दोघींनाही." तिने त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि कडी घातली. तिघांत खरं बोलणारा तेवढा एकच निघाला होता, आणि त्यालाच तिने घालवलं. पुढे कुणी आलंच नाही.

बागेबद्दलची भीती मात्र अगदीच हवेतली नव्हती. बापाने शेवटच्या आजारात तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, की जमिनीच्या सरकारी दप्तरात अर्धी बाग अजून याकुबच्या नावावर आहे. याकुब म्हणजे तिच्या आजोबांचा भाऊ, पहिल्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेला गेलेला. दोन-तीन पत्रं आली, मग तीही थांबली. "त्याचं कुणी आलं तर निम्मी बाग गेली म्हणून समज," बाप म्हणाला. "कुणाला ताकास तूर लागू देऊ नकोस." त्या दप्तराची एक नक्कल होती, ती तिने कपाटात चादरींच्या खाली दडवली. चाळीस वर्षं तिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचला नाही.

आणि मग एका सप्टेंबरात ते कुणी आलं.

आलुबुखाराचा मुरंबा शिजवायचे दिवस होते. अंगणात तांब्याच्या कढईखाली सकाळपासून जाळ होता आणि लुदविका लांब दांड्याच्या पळीने ढवळत होती. फाटकापाशी झेनोन मास्तर दिसले. मास्तर निवृत्त झाल्यापासून अमेरिकेतल्या लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायचं काम करायचे. लुदविकाच्या मते हा माणूस मेलेल्यांची दलाली करत होता. त्यांच्या मागे साठीची एक बाई होती, पायांत पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा.

"लुदविकाबाई, पाहुणी आणलीय," मास्तर म्हणाले. "या डोरोथीबाई. यांचे पणजोबा याकुब दुब्येल, आपल्या ओल्शिनीचे."

लुदविकाच्या हातातली पळी थांबली. मुरंबा खाली लागायला लागला, तरी तिला वास आला नाही.

"दुब्येल काय, अर्धं गाव दुब्येल आहे," ती म्हणाली. "आणि याकुबचं म्हणाल तर चर्चच संत याकुबचं. प्रत्येक घरात एक याकुब असायचाच."

"तेच तर दुखणं आहे. अमेरिकेला गेलेले दोन याकुब दुब्येल सापडतात. एक टेकडीवरचा, म्हणजे तुमच्या घरचा, आणि एक गिरणीकडचा. जन्माच्या नोंदींची वही युद्धात जळली. आता तुमच्यासारख्या जुन्या माणसांच्या आठवणीवरच सगळी भिस्त."

डोरोथीबाईला आजीकडून ऐकलेली मोडकीतोडकी भाषा येत होती. ती पुढे आली आणि शब्द वेचत म्हणाली, "आत येऊ? पणजोबा सांगत होते, घरात विहीर. आत. आईला थंडीत बाहेर जावं नाही लागत."

दारातून आत शिरलं की ओटीवरच ती विहीर होती. नळ आल्यावर तिच्यावर फळ्या ठोकल्या होत्या आणि वरून सतरंजी अंथरली होती. लुदविका पळी टाकून तरातरा ओटीवर गेली आणि बरोबर त्या सतरंजीवर जाऊन उभी राहिली. पाहुण्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"विहीर गिरणीकडच्यांच्या घरात होती. ते घर पडलं. आमच्याकडे कसली विहीर?"

"आणि तुमचा याकुब?" मास्तरांनी विचारलं.

"आमचा बोटीवरच वारला. लग्नाआधीच. त्याला कुठली पणती?"

हे तिने इतक्या सहज सांगितलं की तिचं तिलाच नवल वाटलं. डोरोथीबाईचा चेहरा उतरला. तिने एकवार लुदविकाच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, कपाळ, हनुवटी, आणि हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्या आत्या नाही?"

"नाही बाई."

जाताना डोरोथीबाईने बागेचा फोटो काढला. झालं, लुदविकाचा संशय पक्का झाला. ज्याला पणजोबा हवाय तो झाडांचे फोटो कशाला काढेल? संध्याकाळी तिने शेजारच्या हालिनाला सांगितलं, "हद्द मोजून गेली बघ. बूट पण कसले, वकिलाकडे जायचे बूट."

हालिना हसून म्हणाली, "अगं, ते चालायला जायचे बूट आहेत. माझी सून घालते."

"मग सुनेवर पण लक्ष ठेव."

दुसऱ्या दिवशी गिरणीकडच्या दुब्येलांच्या थडग्यावर डोरोथीबाई गुडघे टेकून बसलेली दिसली. त्या घराण्याचं मागे कुणी उरलं नव्हतं आणि थडग्यावर गवत माजलं होतं. तिने ते हातांनी उपटलं, दगड घासून काढला आणि त्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. लुदविका आपल्या आईबापांच्या थडग्याआडून बघत होती. रडण्याला ती फसणार नव्हती. बाई उठताना चिमूटभर माती रुमालात बांधते आहे हे तिने पाहिलं, आणि तीही जमिनीच्या कामासाठीच असणार असं मनाशी ठरवून टाकलं.

डोरोथीबाई परत गेली. वकिलाची नोटीस येईल म्हणून लुदविका महिनाभर पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून होती. नोटीस आली नाही. त्याने तिचा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. गप्प बसतात म्हणजे काहीतरी मोठं शिजतंय.

नोव्हेंबर आला. या महिन्यात आमच्याकडे लोक आपल्या मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून फादरना देतात आणि रोज संध्याकाळी ती नावं चर्चमध्ये मोठ्याने वाचली जातात. नाव वाचलं जातं तोवर माणूस पुरता गेला नाही, असं आम्ही मानतो. लुदविका दरवर्षी टेकडीवरच्या सगळ्यांची नावं लिहायची. त्या संध्याकाळी ती नेहमीच्या बाकावर बसली होती. फादर अमेरिकेहून आलेली एक चिठ्ठी वाचू लागले, "दुब्येल घराण्यातले याकुब, त्यांचे आईवडील, त्यांचे भाऊ आणि त्यांच्या घरचे सगळे, ज्यांची नावं मला माहीत नाहीत. प्रार्थना मागते पणती डोरोथी, जिचं आता कुणीच उरलेलं नाही."

याकुबची आई म्हणजे लुदविकाची पणजी कॅथरिना. ती बाई म्हातारपणी रोज फाटकाशी उभी राहून पोस्टमनची वाट बघायची, असं घरात सांगत. शंभर वर्षांनी तिच्या लेकाचं माणूस दारात आलं होतं आणि लुदविकाने त्याला उंबऱ्यावरून परतवून लावलं. बाग वाचवली, पण कुणासाठी? ती गेल्यावर तिचं नाव कोण लिहिणार? हालिना लिहील एखाद वर्ष. मग हालिनाही जाईल. डोरोथी ही एकुलती एक बाई होती, जी "माहीत नसलेल्यांची" सुद्धा आठवण ठेवत होती. लुदविकाला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. प्रार्थना संपायच्या आधीच ती उठली आणि तडक मास्तरांच्या घरी गेली.

"मास्तर, मी खोटं बोलले. डोरोथी आमची आहे."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "असं? तिने गिरणीकडच्या थडग्यावर नवा संगमरवर बसवायचं ठरवल्याचं तुमच्या कानावर आलं वाटतं."

"कसला संगमरवर?"

"आता माहीतच नाही म्हणा! सप्टेंबरात तोंडावर नाही म्हणालात, आणि आता अचानक आत्या झालात? पुरावा काय?"

"ओटीवर विहीर आहे. या, सतरंजी उचलून दाखवते."

"तसल्या विहिरी या गावात चार होत्या. कागद आहे का?"

कागद होता. लुदविका दोन दिवस घरात येरझारा घालत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चादरी उचलल्या आणि ती नक्कल घेऊन गेली. ती तिने मास्तरांच्या टेबलावर ठेवली. याकुब दुब्येल, त्याच्या बापाचं नाव, त्याने अमेरिकेहून पाठवलेला पत्ता, सगळं त्यात होतं. पत्ता डोरोथीबाईच्या कागदांतल्या पत्त्याशी तंतोतंत जुळत होता. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि खुर्चीत मागे टेकले.

"अर्धी बाग. म्हणून होय!" ते म्हणाले. "अहो लुदविकाबाई, तीस वर्षं कसली की जमीन आपलीच होते. कोर्टात एक अर्ज केला असता तर कधीच मिटलं असतं."

"अर्ज म्हणजे सही."

मास्तरांनी कोरा कागद पुढे ओढला. त्यांनी लुदविका सांगेल तसं पत्र लिहिलं. विहिरीबद्दल, कॅथरिनाबद्दल, बागेबद्दल. निम्मी बाग तुझी आहे, ये आणि घे, असंही तिने लिहायला लावलं. खाली सही केली. तिच्या सगळ्या आयुष्यात कुणी न मागता केलेली ही एकच सही. मास्तरांनी नकलेच्या फोटोसह ते कॉम्प्युटरवरून पाठवून दिलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मास्तर स्वतः टेकडी चढून आले आणि ओटीवर उभे राहूनच वाचू लागले, कारण लुदविकाने कागद हातात घेतला नाही.

"झेनोन साहेब, त्या बाईंनी माझ्या डोळ्यांत बघून मला नाही म्हटलं होतं. मी संगमरवराची ऑर्डर दिल्यावर त्यांना मी आठवले. इथे पूर्वज शोधणाऱ्यांच्या आमच्या मंडळात मला आधीच सांगून ठेवलं होतं, की पहिल्यांदा नातेवाईक निघतात, मग जमीन निघते, मग वकिलाची फी. जुना कागद करून घेणं अवघड नसतं. मला कुणाची बाग नको आणि मी कुठेही सही करणार नाही. माझ्या माणसांचं थडगं कोणतं ते मला माहीत आहे, मी तिथे रडले आहे. कृपया त्या बाईंना सांगा, पुन्हा पत्र पाठवू नका."

मास्तर खजील झाले. "लुदविकाबाई, मी परत लिहितो. फादरांची सही घेतो, शिक्का घेतो..."

लुदविका सतरंजीवर उभी होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडावर हसू होतं.

"राहू द्या मास्तर," ती म्हणाली. "आमचीच आहे ती. शिक्का बघूनही विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नसता."