बेटावरच्या कोटाचे कुलूप

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आठवली की निवृत्त पोलीस खुर्चीत जरा ताठ बसतो. मीही बसतो. पण एक घटना अशी आहे की ती आजही आठवली की माझी मान आपोआप खाली जाते. नावे कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच, आमचा पेडणे तालुका एवढा मोठा नाही.

तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. मी मूळचा सर्वणचा, म्हणजे डिचोलीकडचा; समुद्राशी माझा संबंध बाजारातल्या मासळीपुरता. आमच्या हद्दीत नदी समुद्राला मिळते तिथे एक बेट आहे आणि त्यावर जुना कोट. बंदरात शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला तो बांधलेला. आधी सावंतवाडीकरांचा पहारा होता, मग फिरंग्यांचा आला. पुढे बंदर गाळाने भरले, गलबते यायची थांबली आणि पहाराही उठला. राहिल्या भिंती, दरवाजाची कमान, आणि त्या कमानीत साखळीला टांगलेले एक लोखंडी कुलूप.

त्या कुलपावर समोरच्या गावाचा जीव. शत्रू चालून आला तेव्हा पहारेकऱ्याने आतून कुलूप घातले आणि किल्ली बंदरात भिरकावली, अशी कथा. शत्रूला भिंत फोडून आत यावे लागले, पण कुलूप काही उघडले नाही. लाकडी दरवाजा कधीच कुजून गेला, तरी बंद कुलूप तिथेच लटकत राहिले. त्या पहारेकऱ्याच्या घराण्याकडे मान आहे. वर्षातून एकदा त्या घरचा कर्ता पुरुष होडीने बेटावर जातो, कुलपाला खोबरेल लावतो आणि बेटाच्या राखणदाराला पहिला नारळ देतो. राखणदार म्हणजे त्या जागेचा रक्षक देव. गावात भांडणे झाली, पंचायती बदलल्या, मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागली, पण ह्या मानाला कोणी हात लावला नव्हता.

आणि एके सकाळी कुलूप नाहीसे झाले. साखळी कापलेली.

गावातले आठ-दहा लोक तक्रार घेऊन आले. पुढे तो मानकरी, सत्तरी ओलांडलेला, स्वच्छ धोतरातला, कमी बोलणारा. तक्रारीवर सही त्याने केली. मी कागद वाचून दाखवू लागलो तसा तो नको म्हणाला, आणि म्हाताऱ्याला धक्का बसला आहे असे मी समजलो. पंचनामा केला, श्वानपथक नेले. बेटावर कुत्रे खाऱ्या वाऱ्याने गोंधळून गेले आणि एका शेळीच्या मागे लागले. त्यावरून हवालदार मला पुढे बरेच दिवस चिडवायचा.

दुपारी खबर आली. पर्यटकांच्या होड्या चालवणाऱ्या एकाने फोन करून सांगितले, बेटावर धक्क्याच्या दुरुस्तीचे काम चालू आहे, बाकीचे कामगार संध्याकाळी परततात, पण एकटा सिमेंट आणि सळ्या राखायला तिथेच झोपतो. मुलगा सिंधुदुर्गातला. आम्ही त्याचे बोचके उघडले. आत लोखंड कापायची करवत होती, ती त्याच्या कामाचीच. आणि एक फडके होते, खोबरेलाने माखलेले, गंजाचे डाग पडलेले.

पोलिसाला आणखी काय हवे असते?

"ह्यां खंयसून इलां?" मी फडके दाखवून विचारले.

"पायऱ्येर पडलां हुतां, साहेब. टोप उतरूक बरां म्हणान घेतलंय. मी कुलपाक हात पण लावूक नाय."

हे उत्तर ऐकून हवालदार हसला. मीही हसलो. गरम टोप उतरायला फडके! चोराने दिलेली कारणे ऐकण्यात आमची उमर गेली होती, त्यामुळे खरे कारण कानावर पडले तरी ते आम्हाला कारणच वाटले.

त्याला अटक केली, न्यायालयातून पोलीस कोठडी घेतली. बातमी मोठी झाली होती, वार्ताहर ठाण्याबाहेर उभे होते. दोन शिपायांच्या मध्ये त्याला उभा केला आणि फोटो काढू दिला. चेहरा झाकायला हवा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण वरून कौतुकाचा फोन येऊन गेला होता आणि मी जरा हवेत होतो.

चौकशीत त्याने काहीच कबूल केले नाही. मी मारू दिले नाही, एवढे सांगतो, पण ते काही मोठेपण नव्हे. तासन् तास तेच प्रश्न विचारले. कोणाला विकले? कोणी सांगितले? तो प्रत्येक वेळी तेच सांगायचा, त्याच शब्दांत. खोटे बोलणारा माणूस दर फेरीला गोष्टीत थोडी भर घालतो, हा माझा अनुभव. ह्याने भर घातली नाही. मला खटकले, पण खटकून मी गप्प बसलो. तो एकदाच उलट बोलला. "साहेब, माझ्या भयणीचां जमत इलां हा. ह्यो फोटो थंय पोचलो तर मोडतला."

मी म्हणालो, "मग खरे सांग आणि मोकळा हो."

कुलूप सापडेना तेव्हा गावाने ठरवले की राखणदारापुढे गाऱ्हाणे घालायचे. आमच्या सर्वणलाही घालतात. गावाच्या वतीने एकजण देवापुढे मोठ्याने मागणे मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला होकार देतात. चोरीचे गाऱ्हाणे असेल तर चोराला काय व्हावे तेही त्यात सांगतात. मी साध्या कपड्यांत गेलो आणि लोकांच्या मागे उभा राहिलो. अशा ठिकाणी पोलिसाने देवाकडे बघायचे नसते, माणसांकडे बघायचे असते.

गाऱ्हाणे घालण्याचा मानही त्याच म्हाताऱ्याचा. तो नारळ पुढे ठेवून उभा राहिला.

"बा राखणदारा म्हाराजा, आज सगळो गाव तुझ्या पायाकडे येवन उबो ऱ्हवलो आसा..."

"व्हय म्हाराजा."

"दर्यात गेल्लो सुखरूप घराक येवंदे, जाळ्याक यश दी..."

"व्हय म्हाराजा."

गुरांचे मागितले, काजूच्या पिकाचे मागितले, लेकरांचे मागितले, परगावी नोकरीला गेलेल्यांचेही मागितले. आवाज खणखणीत, एक शब्द अडला नाही. आणि मग त्याने नारळ उचलला आणि फोडला. संपले. लोक एकमेकांकडे बघू लागले. ज्यासाठी सगळे जमले होते त्या कुलपाचा आणि चोराचा एक शब्द त्याने उच्चारला नव्हता. कोणीतरी म्हणाले, तात्या दुःखात विसरले. सगळ्यांना ते पटले. मला पटले नाही. तक्रारीचा कागद ऐकायला तो नको म्हणाला होता, ते मला आठवले. पोलिसांपुढे तो सही करून गेला होता, पण देवापुढे खोटे बोलणे त्याला जमले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच त्याच्या घरी गेलो. तो सोप्यावर बसून चहात पाव बुडवून खात होता. मला बघून त्याने बशी बाजूला ठेवली.

मी म्हणालो, "तात्या, काल तुमी सगळां मागितलास. कुलूप मागूक नाय."

तो म्हणाला, "चोरूक नाय ता कोणी, सायबा. मी दर्यात टाकलंय."

सगळे त्याने बसल्या जागी सांगितले. खरे कुलूप त्याच्या वडिलांच्या हातूनच गेले होते. तेल लावताना गंजलेली कडी तुटली आणि कुलूप खडकांवरून समुद्रात पडले. वडिलांनी कोणाला सांगितले नाही. डिचोलीच्या बाजारातून जुन्या लोखंडातले एक दणकट कुलूप आणले, खाऱ्या पाण्यात गंजवले आणि टांगले. मरताना मुलाला सांगितले. मुलगा तेव्हापासून दर वर्षी त्या बाजारच्या कुलपाला तेल लावत आला होता आणि गाव हात जोडत होता. आता एका संग्रहालयाची माणसे येणार होती. कुलूप नेऊन, साफ करून, तपासून काचेच्या पेटीत ठेवणार होती. मागच्या बाजूला गंजाखाली कारखान्याची अक्षरे होती, हे त्याला ठाऊक होते. माणसे यायच्या आत तो पहाटे, धक्क्यावरचा मुलगा झोपेत असताना, होडी घेऊन गेला, साखळी कापली, शेवटचे तेल लावून पुसले आणि कुलूप पाण्यात सोडले. फडके तिथेच पायरीवर राहिले. मानकऱ्याने बेटावर कधीही जावे, त्याला कोण विचारणार?

"आणि तो पोरगो कोठडीत आसा ता तुमका म्हायत हुतां?"

"म्हायत हुतां."

"मगे?"

"माका वाटलां, तुमका कायएक मेळूचां नाय. मगे त्येका सोडतलास." एवढे बोलून त्याने तोंडावर टॉवेल धरला. "माझ्या बापाशीचां नाव जातलां हुतां, सायबा. ह्या वयार माका ता बघूचां नाय हुतां."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला, पण पुरता आला नाही. एका माणसाच्या अब्रूसाठी दुसऱ्या माणसाची अब्रू गहाण पडली होती, आणि गहाण टाकण्याचे काम त्या म्हाताऱ्याने नव्हे, मी केले होते. त्याने फक्त तोंड बंद ठेवले होते. हातात बेडी मी घातली होती.

ओहोटीला माणसे उतरवून कुलूप काढले. खडकांच्या फटीत अडकले होते. मागची बाजू घासली तशी कारखान्याची अक्षरे दिसली. जबानी नोंदवली, न्यायालयात अहवाल दिला आणि मुलाची सुटका झाली. त्याआधी गावातले चार प्रतिष्ठित माझ्याकडे येऊन गेले. पुराव्याअभावी सोडला असे लिहा, म्हणाले, कुलपाची भानगड कशाला उकरता, गावाची लाज आहे. मी त्यांना विचारले, त्या पोराची लाज कुठल्या गावाची? ते उठून गेले. मला फार बरे वाटले. ते बरे वाटणे फार टिकले नाही.

सुटल्यावर मी त्या मुलाला ठाण्यात बसवून चहा दिला आणि निर्दोष असल्याचा कागद देतो म्हणालो.

"कागद नको, साहेब," तो म्हणाला. "फोटो सगळ्यांच्या मोबाइलार गेलो. कागद कोण वाचतलो? कोणीतरी येवन सांगूक व्हया."

हे मी मानकऱ्याला जाऊन सांगितले. येईल असे वाटले नव्हते. त्याने विचारले, "कधी जावचां?"

सुटीच्या दिवशी माझ्या गाडीने आम्ही तिघे निघालो. म्हातारा मागे बसला होता, मुलगा माझ्या शेजारी. गोव्याची हद्द ओलांडून सिंधुदुर्गातल्या त्याच्या गावी पोचलो. बहिणीचे स्थळ मोडले होते, हे मला वाटेत कळले. त्यानेच सांगितले, रागाने नाही, रस्ता दाखवता दाखवता.

अंगणात शेजारी जमले. म्हाताऱ्याने चपला बाहेर काढल्या, जसे देवळापुढे काढतात. उन्हात उभा राहून तो म्हणाला, "तुमच्या पोरान कायएक करूक नाय. चूक माझी. कुलूप मीच टाकलंय, आणि हो कोठडीत आसताना मी गप ऱ्हवलंय." मग त्याने सगळ्यांपुढे हात जोडले. मीही दोन वाक्ये बोललो. पोलिसांची चूक झाली, असे म्हणालो. 'पोलिसांची' म्हणालो, 'माझी' म्हणायला तिथेही जीभ वळली नाही.

मुलाची आई दारात उभी होती. तिने आम्हाला शिव्या द्याव्यात अशी मी मनाची तयारी करून गेलो होतो. तिने आमच्याकडे बघितलेही नाही. ती खाली उतरून मुलासमोर गेली आणि त्याचा हात धरला.

"माका म्हाफ कर रे," ती म्हणाली. "माका पण वाटलां, तू केलंस आसतलस."

मग माझ्याकडे वळून ती अगदी साधेपणाने म्हणाली, "पोलीस उगीच कित्याक धरतीत, असां वाटलां माका, सायबानू."

तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला पदके मिळाली, बदल्या मिळाल्या, वरिष्ठांची बोलणीही मिळाली. त्या बाईच्या वाक्याएवढे काहीच लागले नाही. आरोप सिद्ध व्हायला न्यायालय लागते, असे आम्ही भाषणांत सांगतो. त्या घरात न्यायालयाची वाट कोणी बघितली नव्हती. माझा एक फोटो पुरला होता. नऊ महिने पोटात वाढवलेल्या मुलापेक्षा तिने माझ्या वर्दीवर जास्त विश्वास ठेवला होता. त्या विश्वासाला लायक असे मी काय केले होते? एका फडक्याचा वास घेतला होता.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणाही संशयिताला कॅमेऱ्यापुढे उभे केले नाही, आणि लोकांना न पटणारे कारण कोणी सांगितले तर आधी ते खरे धरून बघायला मी शिपायांना शिकवले. हा धडा मी पुढे नव्या उपनिरीक्षकांना सांगत असे. ते माना डोलवायचे. त्या आईचे वाक्य मात्र मी त्यांना कधी सांगितले नाही, सांगायला तोंड नव्हते.

त्या दिवशी परत येताना म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "तिणां माका गाळी घालूक व्हयी हुती, सायबा."

मी गाडी चालवत राहिलो. शिव्या आम्हा दोघांच्या वाट्याच्या होत्या, आणि माफी मागत होती ती.