पहिला दोडका बियाचा

हिवरखेडच्या तानुबाईबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. या बाईला काही म्हणून फेकून देणं जमत नसे. फुटकं गाडगं, झिजलेला खराटा, अर्धं फाटलेलं तरट, सगळं तिच्या घरामागच्या भिंतीशी ओळीनं मांडलेलं असायचं. शेजारची दुर्गाबाई सगळ्या गल्लीत सांगत फिरायची, की कोणाचा पडलेला दात जरी तानुबाईच्या दारात सापडला तरी ती धुऊन ठेवील. तानुबाई ते ऐकून घ्यायची आणि गाडगं उचलून सावलीत ठेवायची.

साल अठराशे चौसष्ट. दूर अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस बंद, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव. मग काय विचारता! जिथं ज्वारी डोलायची तिथं कापूस, तुरीच्या जागी कापूस, देवळामागच्या पडीक तुकड्यातही कापूस. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. पिढ्यानपिढ्या वांगी-मेथी पिकवणाऱ्या माळ्यांनीही वाफे मोडले. तानुबाईचा नवरा सहदेव त्यांतलाच एक. अकोल्याच्या जुन्या शहरात कापूस विकून परतला तो डोक्याला लाल जरीकाठी मंदील बांधूनच. घराचं दार ठेंगणं, मंदील उंच. गडी कमरेत वाकून आत शिरला, पण मंदील काही काढला नाही.

मोडायची राहिली होती ती फक्त घरामागची दहा वाफ्यांची वाडी. ती सहदेवच्या आईची, पार्बताबाईची. म्हातारी भादव्यात गेली. जाण्याआधी तिनं सुनेला जवळ बोलावून एक वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा हातात दिला. त्यात दोडक्याचं बी होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं ते आपल्या माहेराहून, शेंदूरजनाघाटाहून, लुगड्याच्या पदरात बांधून आणलं होतं. दरसाल तिचा एकच नेम असायचा. वेलाचा पहिला दोडका बियाचा. त्याला रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कोणी चुकूनही तोडणार नाही, आणि आतलं बी खुळखुळेपर्यंत तो वेलावरच ठेवायचा. पण गेली दोन सालं घरातले सगळे हात कापूस वेचण्यात अडकले आणि वाडी पेरलीच गेली नाही. आता बी तीन वर्षांचं झालं होतं. यंदा मातीत गेलं नाही तर पुढं ते उगवेल, असं तानुबाईला वाटत नव्हतं.

सहदेवचं म्हणणं वेगळं. वाडीचं कुंपण पडलेलं, माती थापून दगड झालेली, विहिरीचं पाणी खोल गेलेलं. मृगात नांगर घालून इथंही कापूस लावू. तानुबाई भांडली. जेवायला वाढलं, पण बोलली नाही. दोन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी सहदेवच नरमला. आईवर त्याचा जीव होता, ते खोटं नव्हतं. येत्या अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, म्हातारीच्या नावानं पहिल्यांदाच घागर पुजायची होती, निवद दाखवायचा होता. त्यानं अटच घातली.

“बुढीच्या अखजीले तिच्या आवडीची दोडक्याची भाजी या वाडीतून निघाली, तं वाडी तुही. नाई तं मृगात नांगर.”

“निघन,” तानुबाई म्हणाली, आणि त्याच पावली मागच्या दारानं बाहेर पडली.

शिवरात्रीला आठ दिवस होते. तिनं आधी कुंपण धरलं. वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या गावभर जळणाला पडल्या होत्या. तिनं त्यांच्या मोळ्या आणून उभ्या रोवल्या आणि आडव्या काड्या सुतळीनं आवळल्या. बकरीनं तोंड घालून पाहिलं आणि माघारी गेली. मग न्हाणीचं पाणी. ते दारापुढं सांडून चिखल व्हायचा. तिनं खापरं अंथरून नाली केली आणि ते पाणी थेट वाफ्यात आणलं. फुटकी गाडगी, ज्यांच्यावरून दुर्गाबाई हसायची, ती तिनं वेलाच्या जागी गळ्यापर्यंत पुरली आणि बुडाच्या भोकात चिंधी कोंबली. गाडगं भरलं की पाणी थेंब थेंब मुळाशी जायचं, उन्हात वाया जायचं नाही. उरलेल्या पऱ्हाट्यांचा मांडव झाला. सहदेव येता-जाता बघायचा आणि विचारायचा, काहून, लगीन आहे का कोणाचं?

इथपर्यंत सारं छान चाललं होतं. घोडं अडलं ते खतापाशी.

घरोघरी बायका रेच्यावर, म्हणजे लाकडी हातयंत्रावर, कापसाची सरकी काढायच्या. सरकी म्हणजे कापसाचं बी, एरवी बैलांचं खाणं. यंदा ती इतकी झाली की बैलांनाही वीट आला. दुर्गाबाईच्या अंगणात एक ढीग भिजून बुरसटला होता, बैल त्याला तोंड लावीना. फुकट जातंय म्हटल्यावर तानुबाईला कुठला धीर! असली सरकी उकिरड्यात घालून सालभर कुजवायची असते, हे माळ्याच्या लेकीला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण घाई नडली. दहा टोपल्या तिनं वाफ्यांत कालवल्या, वरून दोडका, चवळी, गवार टोचली आणि पाणी सोडलं. एका कोपऱ्यातल्या गाडग्यापाशी सरकी पुरली नाही, ती जागा तशीच राहिली.

होळीच्या आधी वाडी उगवली. काय उगवली म्हणून सांगू! पाय ठेवायला जागा नाही. तानुबाई आनंदानं खाली बसली, एक पान बोटात धरलं आणि तिचा चेहरा उतरला. कापूस. दहाच्या दहा वाफ्यांत कापूस. जिनं कापूस नको म्हणून घर डोक्यावर घेतलं, तिनंच तो आपल्या हातानं पेरला, खतपाणी घातलं आणि वर कुंपणही बांधलं.

गल्ली लोटली बघायला. दुर्गाबाईला तर हसून हसून ठसका लागला. सहदेव मंदील सावरत म्हणाला, जमिनीनंच न्याय केला, आता उपटू नको, रोपं सुरेख आहेत. तानुबाईला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लोक गेले तशी तिनं पदर खोचला आणि मुठी मुठीनं रोपं उपटायला लागली. दिवस मावळेपर्यंत उपटत होती. कापसाची दोन पानं आणि दोडक्याची दोन पानं यांत फरक असतो, पण तो थंड डोक्याला दिसतो. हात धुताना तिचं लक्ष ढिगाकडं गेलं. कापसाच्या रोपांत दोडक्याची रोपंही पडली होती. तुंब्यात आता एकही बी उरलं नव्हतं. ती तशीच ओल्या हातानं वाडीभर फिरली. सरकी न पोचलेल्या त्या कोपऱ्यात, गाडग्याच्या गळ्याशी, दोडक्याचं एकच रोप उभं होतं.

त्यानंतर तिनं कोणाशी वाद घातला नाही. चवळी-गवार पुन्हा टोचली. होळीची राख आणून रोपावर भुरभुरली, म्हणजे किडे बसणार नाहीत. चैत्राच्या उन्हात मांडवावर फाटकं तरट टाकलं. वेल वर चढला, पिवळी फुलं आली. एकदा ती आठवडी बाजारातून परतली तर गाडगं काठोकाठ भरलेलं, आणि सहदेव ओल्या पायांनी ओसरीवर बसून वाती वळत असल्यागत उगाच सुतळी वळत होता.

पहिली दोन फळं बोटाएवढी होऊन गळाली. तिसरं धरलं, भरलं, हातभर लांब झालं.

अखजीच्या आदल्या दिवशी सहदेव अकोल्याहून आला. सारा बाजार पालथा घातला होता त्यानं, आईसाठी. गाठीला रुपये होते, पण दोडका कोणाकडंच नव्हता. पिकवणारे सगळे कापसात गेलेले. त्यानं रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि मागं वाडीत आला. तानुबाई मांडवाखाली उभी होती. समोर तो एकच दोडका. वेलावर दुसरं फूल नव्हतं आणि वैशाखाचं ऊन पुढं उभं होतं. तोडला तर वाडी तिची, पण सासूचं बी संपलं. ठेवला तर बी राहणार, पण ते पेरायला वाडी राहणार नव्हती. तिनं दुपारभर विळा हातात धरला होता आणि शेवटी जमिनीवर ठेवून दिला होता.

“मी नाई तोडत,” ती म्हणाली. “हे बुढीचं बी आहे. मी हारली. तुमी घाला नांगर.”

सहदेव पुढं आला. विळा त्यानंच उचलला. तानुबाईनं तोंड फिरवलं. मागून कापड फाटल्याचा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं, तर त्यानं डोक्यावरचा मंदील सोडला होता आणि विळ्यानं त्याच्या पदराची लाल चिंधी काढली होती. टाचा उंचावून तो ती दोडक्याच्या देठाला बांधत होता.

“बुढीले चवळी बी चालते,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईच्या घागरीपुढं चवळीच्या शेंगांच्या भाजीचा निवद होता. म्हातारीच्या नावानं घास देऊन सहदेव बोडक्या डोक्यानं वाडीत गेला आणि न्हाणीची नाली साफ करायला बसला.