दादानं गोठवलेली ओळ

दादा गेल्याचा वहिनीचा फोन नांदेडच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी लातूरच्या घरी आईला उपमा भरवत होते. "कुणाचा फोन गं?" आईनं विचारलं. "आमच्या शाळेतून," मी म्हणाले आणि पुढचा घास भरवला... हात कसा चालला, देव जाणे.

माझा थोरला भाऊ गजानन मुदखेडच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होता. तो निवृत्त झाल्यापासून आई त्याच्याकडेच असायची. तिची साखर, बीपी, गोळ्या तो रोज सकाळी कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये भरायचा आणि ती शीट मला इकडे मोबाइलवर दिसायची. सुरुवातीला मी खाली सरकवत गेले की कुठला आकडा कशाचा तेच कळेना. तसं सांगितलं, तर ऑफिसात चूक सापडल्यासारखा तो खजील झाला. "थांब, वरची नावांची ओळ फ्रीझ करतो. आता कितीबी खाली जा, नावं वरच ऱ्हातेत. डोकं शिणवू नको." शेवटच्या रकान्याला त्यानं नाव दिलं होतं, 'आई काय म्हणाली'. तिथं 'भाजीत मीठ न्हाई म्हणली' असलं काहीबाही असायचं. मी आधी तेच वाचायचे आणि मग साखर बघायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी साखरेच्या रकान्यात बीपी आलं. दुसऱ्या दिवशी तिथंच गोळीचं नाव. मी फोन लावला. "दादा, वरची नावं दिसत नाहीत का तुला?"

"दिसायलेत की." मग तो एकेक अक्षर पुटपुटू लागला... "दिसायलेत गं सुमे. पण अर्थच लागंना."

पुढं त्याच्या डोक्यात गाठ निघाली, आईला मी लातूरला आणलं, आणि दादा आधी वाचणं आणि मग बोलणंही विसरला. सगळ्यांचं डोकं शिणू नये म्हणून झटणाऱ्या माणसाचं डोकंच का पोखरावं? मला देवाचा राग आला. अजून आहे.

दादा गेल्याचं संध्याकाळी आईला सांगितलं. ती खूप रडली आणि हल्ली सगळंच विसरते तसं सकाळी तेही विसरून गेली. पुन्हा सांगायची हिंमत माझ्यात नाही.

शीट आता मी भरते. ओळी पार खाली गेल्यात, पण वरची दादाची नावं जागची हलत नाहीत. आज साखर भरली, बीपी भरलं, गोळ्या भरल्या. शेवटी 'आई काय म्हणाली'खाली, कालच्यासारखंच लिहिलं, 'गजू जेवला का?'