डेपोतला सायरन आणि कॉर्पोरल मुराद

एक्याण्णवच्या जानेवारीत मी अबुधाबीच्या एका सप्लाय डेपोत कुकहाऊसला हेल्पर होते. खाकी युनिफॉर्म होता, रँक नव्हती. कुवेत गेलंच होतं, आता इथे अबुधाबीवर हल्ला येणार असं जो तो बोलायचा. पाचला फॉल-इन, सहाला चहा, मग पीठ मळायचं, नी दहाला विषारी गॅसच्या हल्ल्याची ड्रिल. शिकवायला कॉर्पोरल मुराद. बलुची माणूस, आमच्याशी हिंदी बोलायचे.

"पहले अपना मास्क, फिर दुसरे का. नौ सेकंद."

मला चौदा लागायचे. "बहन, तेरी रोटी जल्दी बनती है, मास्क नहीं," म्हणायचे, सगळे हसायचे.

माझी मुलगी सात महिन्यांची. सांभाळणारी बाई भिऊन गावाला पळाली, म्हणून मी चादरींच्या स्टोअरमध्ये झोळी बांधून तिला निजवायचे. परवानगी नव्हती. मुरादना माहीत होतं, पण ते बोलले नाहीत कुणाला.

त्या दिवशी अकरा वीसला सायरन झाला. ड्रिलचा नव्हता. सगळे शेल्टरमध्ये, सार्जंटची ऑर्डर, कोणी बाहेर जायचं नाही. मी गेलेच. मास्क घालून पळाले, श्वास पुरेना. झोळीतून उचललं तर माझं ते तोंड बघून पोरगी अशी किंचाळली, काळीनिळी झाली, तिला आई ओळखूच येईना. मी मास्क काढून टाकला.

मागून मुराद आले. "पहन."

"ये रोती है."

"रोने दे. तू मर गयी तो किसके पास रोएगी?"

त्यांनीच मास्क माझ्या डोक्यावर ओढला, पोरीला ओल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, नी दाराला पाठ लावून बसले. रेडिओवर सार्जंट विचारत होता, "मुराद, पोझिशन?"

"चादर स्टोअर. तीन आदमी."

तिलाही मोजणीत धरलं त्यांनी.

बाराला ऑल क्लिअर. काहीच पडलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात कुवेतला जाणाऱ्या ट्रकांच्या यादीत मुरादचं नाव आलं. कोण म्हणालं शेल्टर सोडल्याची शिक्षा, कोण म्हणालं त्यांनीच मागून घेतलं. मी विचारायला गेले. "यल्ला, चल, रोटी देख, जल रही है," एवढंच बोलले.

कुवेत शहर सुटलं. ट्रक परत आले, एक कमी. सुरुंगावर गेला होता. परेडला अरबीत वाचत होते, मला त्यातलं फक्त नाव कळलं. सार्जंटला विचारलं, माझ्यामुळे का? तो बोलला, "खलास, बहन, बस," नी निघून गेला.

कॉर्पोरल मुराद. त्यांच्या घरी कोण होतं, मुलंबाळं होती का, मी एकदाही विचारलं नाही. त्यांना माझ्या पोरीच्या दुधाची वेळ पाठ होती.